आंदणातला किल्ला आणि एकसंध जगाची कल्पना

सोलापूरचा भुईकोट किल्ला आंदणात द्यायचा ठरला की नाही, यावरून दोन राज्यं सुमारे चाळीस वर्षं भांडली. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने आपली बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न सोलापुरातच लागलं. किल्ला आणि भोवतालचे साडेपाच परगणे मुलीबरोबर मिळायचे होते, असं अहमदनगरचं म्हणणं. असं काही ठरलंच नव्हतं, असं विजापूरचं. पाहुण्यांची पाठ फिरते न फिरते तोच मेहुणे-मेहुणे रणांगणात समोरासमोर उभे. पुढे बुऱ्हाणने सोलापूर घेतलं ते विजयनगरच्या रामरायाला हाताशी धरून. रामरायाच्या पदरात रायचूर-मुदगल पडलं. मग बुऱ्हाणचा मुलगा हुसेन याने आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर तिच्याबरोबर विजापूरकडे परतलं. या सोयरिकीच्या बळावर १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी मिळून त्याच रामरायाला तालिकोटला गाठलं.

या धामधुमीत धर्म नव्हता असं नाही. इस्माईलने इराणच्या सफवी शहाच्या नावाने दुवा मागायला लावली आणि सैन्याच्या डोक्यावर इराणी धाटणीच्या लाल टोप्या चढवल्या. नंतर विजापूर सुन्नी झालं, पुन्हा शिया झालं. दरम्यान अहमदनगर शिया झालं. सोलापूरवरचा दावा मात्र कोणीच सोडला नाही. १६८५ मध्ये औरंगजेब विजापूर बुडवायला निघाला, तेव्हा त्यानेही तळ टाकला तो सोलापूरलाच.

दख्खनचे हे राजे मक्केला मान देत, इराण-तुराणचे विद्वान पदरी बाळगत; पण जगातल्या सगळ्या मुसलमानांची राजकीय ताकद एक आहे किंवा असावी, असा विचार त्यांच्या दफ्तरी नव्हता. तो आला आगबोटी आणि तारायंत्राच्या काळात, बहुतेक मुसलमान युरोपीय साम्राज्यांची प्रजा झाल्यावर. तुर्की सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदने खलिफापदाला पुन्हा झळाळी दिली, हेजाझ रेल्वेसाठी हिंदुस्थानातूनही वर्गण्या गेल्या. १९१९ मध्ये मुंबईचे लाकडाचे व्यापारी मियाँ छोटाणी खिलाफत कमिटीचे अध्यक्ष झाले आणि गांधीजींनी खलिफापद टिकवण्याची मागणी असहकाराला जोडली. इकडे लोक खलिफासाठी तुरुंगात जात होते. तिकडे मक्केच्या शरीफ हुसेनने १९१६ मध्येच खलिफाविरुद्ध बंड केलं होतं, तेही इंग्रजांच्या पैशाने. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत मोडीत काढली. शरीफने लगेच स्वतःला खलिफा म्हणवून घेतलं. त्याच वर्षी इब्न सौदने त्याच्याकडून मक्का घेतली. मुंबईत मोर्चे काढणाऱ्यांना या तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

१९३१ या एकाच वर्षात दोन घटना घडल्या आणि दोन्हींचा संबंध आमच्या परिसराशी आहे. १२ नोव्हेंबरला फ्रान्समधल्या नीस शहरी पदच्युत खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार हिचा निकाह हैदराबादच्या युवराजाशी लागला. खलिफाला निजामाकडून महिना तीनशे पौंड मिळतच होते. आता खिलाफतीचा वारसा दख्खनमध्ये येणार, अशी स्वप्नं काहींना पडू लागली. त्याच वर्षी १२ जानेवारीला येरवड्यात सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली होती: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचे पुढारी, 'गझनफर' पत्राचे संपादक. इस्लाम त्यांनी सोडला नव्हता. पण त्यांचं राजकारण इस्तंबूलमधून ठरत नव्हतं, ते गिरणीच्या भोंग्यावर चालत होतं. माझ्या मते नीसच्या लग्नापेक्षा ही घटना मोठी. पुस्तकांत पानं मात्र लग्नाला जास्त मिळाली.

१९४८ मध्ये एकसंध मुस्लिम जगाच्या कल्पनेची परीक्षा सोलापूरच्या वेशीवरच झाली. लातुरात वकिली करणारा, रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायची भाषा करत होता. सोलापूर आणि बार्शी भागात निर्वासितांची रीघ लागली होती. निजामाने ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरच्या पहाटे जनरल चौधरींच्या भारतीय फौजा सोलापूरहून निघाल्या आणि बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात आला. सिकंदराबाद तिथून अडीचशे किलोमीटरच्या पुढे. तरी १७ तारखेला निजामाने हात टेकले. फौजा निघण्याच्या दोनच दिवस आधी कराचीत जिना गेले होते. पाकिस्तानने निषेध केला, सैन्य पाठवलं नाही. कुठलंच मुस्लिम राष्ट्र धावून आलं नाही. निजामाला शस्त्रं चोरून आणून दिली ती सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने, रोख मोबदल्यावर. आधी रझाकारांनी हिंदूंवर आणि नंतर विजयी जमावांनी गोरगरीब मुसलमानांवर जे केलं, त्याचा हिशेब दोन्ही बाजू आपापल्या सोयीने मांडतात.

त्यानंतरचा इतिहास आशियाभर तोच धागा ओढत गेला. १९६९ मध्ये रबातला इस्लामी राष्ट्रांची परिषद भरली आणि दोन वर्षांत पाकिस्तान फुटला. १९७३ च्या तेलसंकटानंतर वजन कैरोकडून रियाधकडे सरकलं. १९७९ मध्ये तेहरानने रियाधलाच आव्हान दिलं. इराण-इराक आठ वर्षं लढले. २०१५ मध्ये येमेनमधल्या युद्धासाठी सौदीने सैन्य मागितलं, तर पाकिस्तानच्या संसदेने तटस्थ राहायचं ठरवलं. जानेवारी २०२४ मध्ये इराणने बलुचिस्तानात क्षेपणास्त्रं टाकली. पाकिस्तानने दोन दिवसांत उत्तर दिलं. आणि सौदी-इराणची दिलजमाई मार्च २०२३ मध्ये कुठे झाली? बीजिंगमध्ये. त्याच चीनच्या शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांविषयीच्या धोरणाची २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत लेखी पाठराखण करणाऱ्यांत सौदी आणि पाकिस्तान दोघेही होते. सप्टेंबर २०२५ मध्ये या दोघांनी संरक्षण करार केला, तोही इस्रायलने दोह्यावर हल्ला केल्यानंतर आठच दिवसांनी.

एकसंध मुस्लिम जगाची ही कल्पना तरीही जिवंत का? तिला दोन गिऱ्हाइकं आहेत. एकाला ती हवी असते, दुसऱ्याला तिची भीती हवी असते. माल एकच. टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चेत दोघे समोरासमोर बसतात आणि एकमेकांचं दुकान चालवतात. त्या चर्चेत उइगुरांचं नाव निघत नाही, येमेनच्या उपासमारीचंही नाही.

सोलापूरच्या टॉवेल निर्यातदाराचा हिशेब वेगळा आहे. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचं भाडं कडाडलं. हूथींच्या मागे तेहरान, त्यांच्यावर बॉम्ब टाकणारं रियाध, दोघेही मुसलमान. भाडं दुसऱ्यांच्या भांडणाचं आणि भरणार आपण. तेव्हा यापुढे कोणी 'मुस्लिम जग एक झालं' असं सांगायला आलं, हर्षाने असो वा भीतीने, तर त्याला एवढंच विचारा: कुठली राजधानी, आणि कुठल्या शेजाऱ्याविरुद्ध?