काटेरी झुडपाला राजा कोणी केले?



शास्ते या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात एक छोटीशी गोष्ट आहे. गिदोनाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा अबीमलेख याला राजा होण्याची इच्छा झाली. शखेम नगरातील प्रतिष्ठितांनी देवळाच्या भांडारातून त्याला चांदीची सत्तर नाणी दिली. त्या पैशांवर त्याने रिकामटेकडे गुंड पदरी ठेवले आणि आपल्याच भावांची कत्तल केली. सर्वांत धाकटा योथाम तेवढा लपून बसल्यामुळे वाचला. लोकांनी अबीमलेखाला राजा केल्याचे कळताच योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर गेला आणि तेथून त्याने शखेमच्या लोकांना झाडांची गोष्ट ऐकवली.

एकदा झाडे स्वतःसाठी राजा निवडायला निघाली. ती प्रथम जैतुनाकडे गेली. जैतून म्हणाले, माझ्या तेलाने देवाचा आणि माणसांचा सन्मान होतो, ते सोडून मी तुमच्यावर डुलत कशाला राहू? मग ती अंजिराकडे गेली. अंजिराला आपली गोडी सोडवेना. द्राक्षवेलीला आपला द्राक्षारस सोडवेना. शेवटी सगळी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. ते एका पायावर तयार होते! म्हणाले, या, माझ्या सावलीत बसा. नाहीतर माझ्यातून आग निघेल आणि लबानोनचे गंधसरूही जाळून टाकील.

काटेरी झुडपाची सावली ती काय! पण माझे लक्ष त्या झुडपापेक्षा पहिल्या तीन झाडांकडे जाते. ही वाईट झाडे नव्हती, आळशीही नव्हती. प्रत्येकाने दिलेले कारण चांगले होते, जवळजवळ धार्मिक होते. तरीही तीन चांगल्या झाडांच्या तीन चांगल्या कारणांनी काटेरी झुडपाची वाट मोकळी झाली.

आपल्या शहरात मतदानाच्या दिवशी घरी राहणारे बहुतेक लोक या तीन झाडांसारखेच आहेत. घरे आशीर्वादित करताना, लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेत, मिस्सानंतर चर्चच्या आवारात मी त्यांची कारणे ऐकतो. सुमारे ५२ टक्के, एवढेच मतदान २० मे २०२४ रोजी आपल्या ठाणे लोकसभा मतदारसंघात झाले. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ते सुमारे ७२ टक्के होते. तेथे जंगलातून पायपीट आहे, तेव्हा नक्षलवादाचे सावट होते, काही भागांत तर दुपारी तीनलाच मतदान बंद होत होते. आपले केंद्र बहुधा जवळच्या शाळेत असते.

जैतून म्हणते : राजकारण ही घाण आहे

पहिले कारण भाविक माणसाचे. "फादर, राजकारण म्हणजे चिखल. आपण प्रार्थना करावी, गरिबांना मदत करावी, त्या भानगडीत पडू नये."

प्रार्थना कराच. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण येथे थांबत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात मतदान हा नागरिकाचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही असल्याचे सांगितले. कॅथोलिक धर्मशिकवणीच्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणे आणि मतदान करणे ही नैतिक बंधने म्हणून शेजारीशेजारी ठेवली आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली एका प्रवचनात, चांगला कॅथोलिक राजकारणापासून अलिप्त राहत नाही, असे आवर्जून सांगितले होते. मिस्साच्या आरंभी पापांची कबुली देताना आपण केवळ केलेल्या चुका कबूल करत नाही, करायचे होते आणि केले नाही तेही कबूल करतो. मतदानाच्या दिवशीची झोप त्या कबुलीतून वगळण्याचे काही कारण मला दिसत नाही.

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथात असा विचार मांडला, की चांगल्या माणसांनी राज्यकारभार नाकारला तर त्यांना मिळणारी सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे आपल्याहून हलक्या माणसांच्या सत्तेखाली राहणे. प्लेटोला योथामाची गोष्ट ठाऊक असण्याची शक्यता फार कमी. तरी दोघेही एकाच ठिकाणी येऊन पोचले.

आणि चिखलाची भीती वाटणाऱ्यांनी आपल्याच मातीतला एक माणूस आठवावा. काका बाप्तिस्ता यांचा जन्म १८६४ साली माझगावच्या माथारपाखाडीत झाला; त्यांचे वडील आपल्या उत्तनचे. लोकमान्य टिळकांचे हे स्नेही आणि वकील १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले. कामगारांच्या संघटना बांधण्यात ते पुढे होते. मुंबई महापालिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि १९२५ साली ते तिचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर झाले. ते ईस्ट इंडियन कॅथोलिक होते आणि साऱ्या मुंबईचे 'काका' होते. नगरपालिकेतील गटारे, पाणी, दिवाबत्ती हे विषय त्यांना कमीपणाचे वाटले नाहीत. त्या काळी मतदानाचा अधिकार मालमत्ता, कर वा शिक्षण असलेल्या थोड्यांनाच होता. आज तो उत्तनच्या मासळी विकणाऱ्या बाईला आणि बंगल्यात राहणाऱ्या उद्योगपतीला सारखाच आहे. ज्यासाठी काकांची पिढी झिजली, ते आपण सुट्टीच्या सहलीवर उधळून टाकावे का?

अंजीर म्हणते : माझ्या एका मताने काय होणार?

दुसरे कारण हिशेबी माणसाचे. लाखो मतांत माझे एक मत, त्यात आपला समाज मूठभर.

हिशेबाला हिशेबानेच उत्तर देतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्यापासून थोड्या अंतरावर, वायव्य मुंबई मतदारसंघात, साडेचार-साडेचार लाख मते घेणाऱ्या दोन उमेदवारांमध्ये अवघ्या ४८ मतांचे अंतर राहिले. ४८ माणसे म्हणजे आपल्या एखाद्या इमारतीचा एक विंग! २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. त्या प्रभागात मतदानाला न गेलेल्या प्रत्येकाच्या हाती त्या दिवशी नगरसेवक ठरवण्याची शक्ती होती. ती त्याने चिठ्ठीला देऊन टाकली.

अशी चुरस रोज होत नाही, हे खरे. पण मताचा उपयोग जिंकण्या-हरण्यापुरता नसतो. मत कोणाला दिले हे गुप्त राहते, मात्र कोणत्या केंद्रावर किती मतदान झाले याचे आकडे जाहीर होतात. प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते ते बारकाईने वाचतात. ज्या वस्तीतून मतदार बाहेर पडत नाहीत, तेथील तुंबलेल्या गटाराची घाई कोणाला असते? आपण मूठभर असू तर त्या मुठीतले प्रत्येक बोट महत्त्वाचे. संख्येने लहान समाजाला घरी बसणे सर्वांत महाग पडते.

द्राक्षवेल म्हणते : हे माझे गाव नाही

तिसरे कारण आपल्या शहराचे खास आहे. मीरा रोड आणि भाईंदरमध्ये आपल्यापैकी अनेक जण अंधेरी, वांद्रे, माझगाव येथून, वसईहून, कोकणातून, गोव्याहून, मंगळूरहून आले. येथे फ्लॅट घेतला, पण मन जुन्या घरी राहिले आणि मतदार यादीतील नावही तेथेच राहिले. येथे नाव नाही, तेथे जायला वेळ नाही. वर्षे अशीच निघून जातात. नोकरी मुंबईत, झोपायला मीरा रोड. नगरसेवकाचे नाव विचारले तर आठवत नाही.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये पाडाव होऊन गेलेल्या लोकांना एक पत्र लिहिले होते. ते त्याच्या ग्रंथाच्या २९ व्या अध्यायात आहे. परक्या शहरात जबरदस्तीने नेलेल्या त्या लोकांना तो सांगतो, की तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि त्या शहराच्या कल्याणासाठी झटा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे. बंदिवानांना जर आपल्या शहराची चिंता वाहायची आज्ञा होती, तर स्वखुशीने, कर्ज काढून येथे घर घेणाऱ्या आपल्याला किती असावी?

आणि शहराचे प्रश्न कोणालाही विचारून घरात शिरत नाहीत. उत्तनच्या धावगी डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा जातो. तेथे वारंवार आगी लागल्या, आजूबाजूच्या गावांनी वर्षानुवर्षे धूर आणि दुर्गंधी सोसली. मतदान केलेल्याच्या खिडकीतून धूर आत आला आणि न केलेल्याच्या खिडकीतूनही आला. मेट्रोची कारशेड राई-मुर्ध्याऐवजी डोंगरीला नेण्याचे ठरले, तेव्हा डोंगरावरच्या १२ हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न उभा राहिला. असे निर्णय कोणीतरी घेतच असते. आपण गैरहजर राहिलो म्हणून ते थांबत नाहीत.

लोकप्रतिनिधी नसण्याचा अनुभवही आपण घेतला आहे. आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. सुमारे साडेतीन वर्षे शहरात एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती होता. ९५ नगरसेवक निवडण्याची संधी एवढ्या प्रतीक्षेनंतर आली. त्या दिवशी मी कोठे होतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. उत्तर मला देण्याची गरज नाही.

मग काटेरी झुडूप कोणाच्या जोरावर उभे राहते?

अबीमलेखाची सत्ता चांदीच्या सत्तर नाण्यांपासून सुरू झाली, हे विसरू नका. आजही निवडणूक जवळ आली की पाकिटे फिरतात, सोसायटीला रंग लागतो, आवारात बाकडी येतात. जेव्हा विचार करून मत देणारे घरी बसतात, तेव्हा विकत घेतलेल्या मतांचे वजन वाढते. शंभरांत दहा मते विकत घेणे आणि पन्नासांत दहा मते विकत घेणे यांतला फरक शाळकरी मुलालाही कळेल. म्हणून मत विकणे हे जसे पाप, तसे मत वाया घालवून विकणाऱ्याचा भाव वाढवणे हेही त्या पापाच्या शेजारचे आहे.

"एकही उमेदवार लायक नाही" असे कोणी म्हणतात. तसे मनापासून वाटत असेल तर २०१३ सालापासून मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. तो नकार मोजला जातो. घरी बसलेल्याचा नकार आणि आळस मात्र आकड्यांत सारखाच दिसतो. तरी एक सांगतो : संत उमेदवाराची वाट पाहणारा मतदार कायम घरीच राहील. दोन अपुऱ्या माणसांतून बरा कोण हे ठरवणे हाच विवेकबुद्धीचा अभ्यास आहे. प्रभू येशूनेही बारा प्रेषित निवडले, तेव्हा त्यांच्यात एकही परिपूर्ण नव्हता.

कोणाला मत द्यावे हे मी सांगणार नाही. ख्रिस्तसभेचा कायदा धर्मगुरूला पक्षीय राजकारणापासून दूर ठेवतो, आणि धर्माच्या नावावर मते मागणे हे देशाच्या कायद्यानेही भ्रष्ट आचरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ते अधिक स्पष्ट केले. उमेदवार आपल्या धर्माचा आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा. तो प्रामाणिक आहे का, गरिबांच्या बाजूने उभा राहतो का, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणे लावतो की जोडतो, निवडून आल्यावर दिसतो का, हे विचारा. बहुतेक प्रभागांत प्रत्येक मतदाराला चार नगरसेवक निवडायचे असतात; म्हणजे चार वेळा विचार करायला हवा.

आता तीन कामे. आपले नाव कोणत्या यादीत आहे ते पाहा. १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. नाव नसेल तर नमुना ६ आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरा. हे निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करा, कारण महापालिकेसाठी आधीच ठरलेल्या तारखेची यादी वापरतात. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी होती. ऑगस्टमध्ये जागे झालेले बाहेर राहिले. दुसरे, घरात कोणी १८ वर्षांचे झाले असेल तर त्याचा अर्ज आई-वडिलांनी शेजारी बसून भरून घ्यावा. दृढीकरणाचा संस्कार घेऊन विश्वासात प्रौढ झालेल्या मुलांनी नागरिक म्हणूनही प्रौढ व्हावे. तिसरे, आजी-आजोबांना विसरू नका. लोकसभा आणि विधानसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येते, त्यासाठी वेळेत नमुना १२-ड भरावा लागतो. एरवी त्यांना केंद्रापर्यंत नेणारे हात आपले असू द्या. लघु ख्रिस्ती समूहांनी आपापल्या इमारतींत ही तिन्ही कामे वाटून घ्यावीत, शेजारच्या हिंदू-मुस्लिम-जैन कुटुंबांनाही मदत करावी.

योथामाच्या गोष्टीचा शेवट त्याच अध्यायात आहे. तीनच वर्षांत अबीमलेख आणि शखेमचे लोक एकमेकांवर उलटले. लोक बुरुजाच्या तळघरात लपले, तेव्हा अबीमलेखाने झाडांच्या फांद्या रचून त्याला आग लावली. सुमारे हजार स्त्री-पुरुष जळून मेले. कोणी त्याला राजा केले होते आणि कोण गप्प बसले होते, याची चौकशी आगीने केली नाही.

जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल होऊन गोड फळे देणाऱ्या माझ्या श्रद्धावंतांनो, तुमचे तेल, तुमची गोडी, तुमचा आनंद या शहराला हवा आहे. तो घेऊन मतदान केंद्राच्या रांगेत उभे राहा. आपल्या शहरावर आणि त्याच्या कारभाऱ्यांवर प्रभूचा आशीर्वाद असो, आणि आपल्याला चांगले निवडण्याची बुद्धी लाभो. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू