न झालेल्या खटल्याचा निकाल

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन मुलीने मला एक इंग्रजी रहस्यकादंबरी वाचावयास दिली. कथानकाचा काळ १८११ ते १८२० या दरम्यानचा. राजा तिसरा जॉर्ज मनोरुग्ण झाल्यामुळे त्याचा पुत्र राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता, तो हा काळ. लंडनच्या उमरावांचे वाडे, मेजवान्या, नृत्यसमारंभ, मोडलेले वाङ्निश्चय आणि एका समारंभानंतर सापडलेले प्रेत! शेवटच्या प्रकरणात खुनी सापडतो, निरपराध सुटतो आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. पुस्तक परत घेताना ती म्हणाली, "फादर, आपल्याकडे असं काही घडलंच नसेल, नाही?"

घडले होते, आणि नेमके त्याच काळात. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूची लढाई झाली. त्यानंतर अवघ्या बत्तीस दिवसांनी, २० जुलैच्या रात्री, पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला.

शास्त्री हे बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी. पेशवे आणि गायकवाड यांच्यातील जुन्या देण्याघेण्याचा व अहमदाबादच्या इजाऱ्याचा प्रश्न मिटविण्यासाठी इंग्रजांच्या हमीवर ते १८१४ मध्ये पुण्यास आले. दुसऱ्या बाजीरावाने त्यांना आपलेसे करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. आपल्या मेहुणीचा विवाह शास्त्रींच्या मुलाशी योजला. तयारी झाल्यावर शास्त्रींनी माघार घेतली. आपल्या पत्नीस पेशव्यांच्या वाड्यात पाठविण्यासही ते राजी झाले नाहीत. लंडन असो वा पुणे, वरिष्ठांच्या जगात नाकारलेले आमंत्रण कोणी विसरत नाही.

आषाढीच्या यात्रेसाठी पेशव्यांबरोबर शास्त्रीही पंढरपुरास गेले. त्या दिवशी त्यांना ताप होता. पेशव्यांचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्याकडून देवदर्शनास येण्याचे निरोप पुन्हा पुन्हा आले, तेव्हा मोजकी माणसे घेऊन ते निघाले. परतीच्या वाटेवर मारेकऱ्यांनी त्यांना गाठले.

पुण्याचा इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळला होता. त्याने माहिती गोळा केली आणि त्रिंबकजीस दोषी ठरविले. बाजीरावाने बरीच टाळाटाळ करून सप्टेंबर १८१५ मध्ये त्रिंबकजीस इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडण्यात आले. उघड न्यायासनापुढे मात्र त्याची चौकशी कधीच झाली नाही.

एल्फिन्स्टनचा संशय निराधार नव्हता. आग्रहाचे निरोप त्रिंबकजीचेच होते, आणि खुनानंतर मारेकऱ्यांचा शोध घेण्याची तत्परता त्याने दाखविली नाही. परंतु शास्त्रींना बडोद्यातही शत्रू होते. त्यांच्यामुळे सत्तेबाहेर पडलेल्या सीताराम रावजीची माणसे त्या काळी पुण्यातच वावरत होती. रहस्यकथेच्या लेखकास आणखी काय हवे? हेतू अनेक, संशयित अनेक आणि साक्षीपुरावा अपुरा.

पुढचा भाग तर कादंबरीलाही लाजवील असा आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. एक मराठा मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता गाणी म्हणे आणि त्या गाण्यांतून सुटकेची योजना कैद्यास कळे, अशी आख्यायिका कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी आपल्या प्रवासवृत्तात नोंदवली आहे. पहारेकऱ्यांच्या कानांवर ते शब्द रोज पडत होते. पण त्यांना मराठी येत नव्हते! १८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला. त्याच वर्षी पेशवाईही संपली. गंगेकाठच्या चुनार किल्ल्यात कैदी म्हणून १८२९ मध्ये त्याचा अंत झाला.

आता माझ्या मनातील प्रश्न. रहस्यकादंबरीला शेवटचे प्रकरण लागते आणि त्यात एक अपराधी लागतो. तो काल्पनिक असेल तर कोणाचेच काही बिघडत नाही. परंतु खऱ्या नावाच्या, खऱ्या मृत माणसाला लेखकाने खुनी ठरविले, तर ती साक्ष कोणत्या प्रतीची? मृतांना अब्रू असते काय?

कोणी म्हणेल, मेलेल्या माणसाला दुःख होत नाही. खरे आहे. पण अब्रू म्हणजे दुःखाची जाणीव नव्हे. इतरांच्या मनात आपल्याला जी जागा असते, ती अब्रू. माणूस गेल्यावर ती जागा राखणे सर्वस्वी इतरांच्या हाती उरते. जिवंत मनुष्य निदान उत्तर देऊ शकतो. म्हणूनच मृताविषयीची खोटी साक्ष मला अधिक भित्री वाटते.

येथे दोन्ही बाजूंनी चूक होते. ग्रँट डफच्या १८२६ मधील इतिहासात त्रिंबकजी अपराधी म्हणूनच उभा आहे. उलट ना. सं. इनामदारांनी 'झेप' या कादंबरीत त्यालाच नायक केले. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. परंतु त्रिंबकजीचा कैवार घेता घेता आपण बोलण्याच्या भरात शास्त्रींना इंग्रजांचा हस्तक म्हणून मोकळे होतो, जणू त्यामुळे तो खून क्षम्य ठरतो. रात्री देवदर्शनाहून परतणारा एक आजारी माणूस रस्त्यात मारला गेला, हे त्या गडबडीत विसरले जाते. संशयिताला न्याय देताना बळीवर दुसरा अन्याय करणे हा न्याय नव्हे.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, दानपेटीतील रक्कम दोनदा कमी भरली. चाव्या एका तरुण सेवकाकडे असत. मी त्याच्यावर आरोप केला नाही. फक्त एका रविवारी, मिस्सानंतर, चार माणसांदेखत चाव्या मागून घेतल्या. त्याने त्या मुकाट्याने माझ्या हातात ठेवल्या. महिन्याभरात तो आपल्या कुटुंबासह गाव सोडून गेला. पैसे कोणी घेतले, हे आजतागायत कळलेले नाही. मी निकाल दिला नव्हता, अशी समजूत मी बरीच वर्षे घालून घेतली. वस्तुतः खटला न चालवता दिलेला तो निकालच होता.

संत थॉमस अक्विनास यांनी संशयाचा फायदा माणसाच्या बाजूने द्यावा असे म्हटले आहे. वाईट माणसाला चांगला समजण्याची चूक अनेकदा झाली तरी चालेल. चांगल्याला वाईट समजण्याची चूक क्वचितही होऊ नये, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. विद्यार्थिदशेत हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या चाव्यांनी शिकविला.

मग अशा विषयावर कादंबरी लिहूच नये काय? अवश्य लिहावी. कल्पनेनेच आपण दुसऱ्याच्या जागी उभे राहू शकतो, आणि न्यायबुद्धीची सुरुवात तेथेच होते. लेखकाने शास्त्रींचा ताप अनुभवावा, त्रिंबकजीच्या कोठडीत बसावे, एल्फिन्स्टनच्या घाईचाही विचार करावा. मात्र पुराव्याने जे दार उघडे ठेवले आहे, ते त्याने केवळ वाचकाच्या समाधानासाठी लावून घेऊ नये.

त्या मुलीला मी ही सारी हकीकत सांगितली. नवी मुंबईहून कळव्यामार्गे ठाण्यास जाताना खाडी ओलांडली की जवळच मध्यवर्ती कारागृह आहे. तोच तो किल्ला, हेही सांगितले. क्षणभर थांबून तिने विचारले, "पण फादर, खून केला कोणी?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला. तो मला ओळखीचा वाटला. चाव्या मागण्यापूर्वी माझेही मन असेच उत्तरासाठी उतावीळ झाले होते.