रतामाच्या झुडपाखालची भाकर

(वाचावयाचा भाग : १ राजे, अध्याय १९)



कर्मेल डोंगरावर ज्या पुरुषानें एकट्यानें बआलाच्या साडेचारशें संदेष्ट्यांपुढें उभें राहून देवाची साक्ष दिली, तोच पुरुष थोड्याच वेळानें एका राणीचा निरोप ऐकून जीव घेऊन पळाला. बैरशेब्यास पोहोंचल्यावर त्यानें आपला चाकर तेथेंच ठेविला, एकटाच रानांत एक दिवसाची वाट चालून गेला, आणि रतामाच्या झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. त्याचा विश्वास बुडाला, असें आम्हां उपदेशकांना चटकन् म्हणावेंसें वाटतें. देवानें तसें म्हटलें नाहीं. देवानें त्याला निजूं दिलें. मग दूत पाठवून त्याला जागें केलें व निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें उशाशीं ठेविलें. तो जेवला व पुन्हां निजला. दूतानें त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हां जेवूं घातलें. ह्या सर्व वेळांत दोषाचा एक शब्द नाहीं. प्रश्न विचारला तो पुढें, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर, होरेबाच्या गुहेंत.

मीं स्वतः हा अध्याय कितीएक वर्षें उपदेशासाठीं घेतला आणि दर वेळीं घाईनें वारा, भूकंप व अग्नि ह्यांकडे धांवलों. भाकरीपाशीं कधीं थांबलों नाहीं. आतां थांबावयास हवें, कारण आपल्या मंडळ्यांत रतामाच्या झुडपाखालीं बसलेलीं माणसें थोडीं नाहींत. २०२३ सालीं मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनीं स्वतःचा जीव घेतला, अशी नोंद छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्तांच्या कचेरींत आहे. कर्ज, पाऊस व कापसाचा भाव ह्यांचा उपाय श्वास मोजून होत नाहीं. तसें कोणी सांगत असेल तर त्याचें ऐकूं नका. पण ज्याची चार रात्रींची झोंप गेली आहे, त्याला समोरची उघडी वाटसुद्धां दिसत नाहीं. म्हणून आधीं त्याचें शरीर शांत व्हावें लागतें.

भय शरीरांत काय करतें, हें अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन नांवाच्या वैद्यकशास्त्रज्ञानें १९१५ सालीं आपल्या ग्रंथांत मांडलें. वाघ दिसला कीं छाती धडधडते, श्वास वरवर चालतो, पोटाकडचें रक्त हातापायांकडे वळतें, रक्तांत साखर उतरते. हें सारें उपकारकच आहे, कारण माणसाला पळावयाचें किंवा लढावयाचें असतें. परंतु वाघ घटकाभरानें निघून जातो. बँकेची नोटीस रात्रभर उशाशीं बसते, आणि तिच्यापुढें शरीर वाघापुढें जसें वागतें तसेंच वागत राहतें. मग अन्न गोड लागत नाहीं, पहांटे तीनला डोळा उघडतो, लेंकरावर उगाच हात उगारला जातो.

ज्यानें ही घोडदौड शरीरांत ठेविली, त्यानें लगामही ठेविला आहे. मेंदूपासून निघून मानेंतून छातींत व पोटांत उतरणारी एक मोठी मज्जा आहे. डॉक्टर तिला व्हेगस म्हणतात. ती हृदयाला सावकाश चालावयास सांगते. १९२१ सालीं ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञानें एका बेडकाच्या हृदयाची ही मज्जा चेतविली तेव्हां तें मंदावलें. मग त्या हृदयांतला द्रव त्यानें दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला, तों तेंही मंदावलें. एका हृदयाची शांति दुसऱ्यास लागावी, ह्यावर उपदेश करण्याचा मोह मला होतो. पण बेडकावर दृष्टांत फार ताणूं नये.

औरंगाबादेची पाणचक्की आपल्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिली आहे. शहराचें नांव २०२३ सालीं पालटलें, पण जुन्या माणसांच्या तोंडीं तें अजून येतें. हर्सूलच्या बाजूच्या झऱ्याचें पाणी जमिनीखालच्या नळांतून तिच्यापर्यंत आणलेलें होतें. वाटेंत ठिकठिकाणीं उंच खांब बांधले होते. तेथें पाण्याचा जोर मोडे, कोंडलेली हवा निघून जाई. तसें नसतें तर नळ फुटले असते. मग तेंच पाणी हौदाशीं येऊन चक्कीवर पडे आणि फकीरांसाठीं धान्य दळलें जाई. आपल्या दिवसांत असे खांब किती आहेत? सकाळपासून रात्रीपर्यंत नळ अखंड, आणि जोर वाढतच चाललेला.

पहिला खांब श्वासाचा. मनगटावर बोट ठेवून पाहा : श्वास आंत घेतांना नाडी किंचित् जलद होते, सोडतांना किंचित् मंदावते. म्हणून सोडणें लांबवावें. ओट्यावर पाठ टेकून बसा, नाकानें चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. जोर करूं नका, चक्कर वाटली तर थांबा. पांच मिनिटें सकाळीं, पांच निजतांना. हें योग्यांचें आहे, आपलें नव्हे, असें कोणास वाटेल. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून प्राणायामाची तपासणी प्रयोगशाळेंत आरंभिली, हें खरें. परंतु नाकपुड्यांत जीवनाचा श्वास कोणी फुंकला, हें उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत वाचून पाहावें.

दुसरा खांब गाण्याचा, आणि तो आपल्या घरांत आधींच उभा आहे. इटलींतील डॉक्टर लुचानो बर्नार्दी व त्यांचे सोबती ह्यांनीं २००१ सालीं २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं कांहीं वेळ रोमन कॅथलिकांची जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हटली, कांहीं वेळ बौद्धांचा मंत्र म्हटला. दोन्ही वेळीं श्वास मिनिटाला सुमारें सहावर आला आणि हृदय व रक्तदाब ह्यांची चाल सुधारली. जपमाळ ही आपली रीत नाहीं, मंत्रही नाहीं. तथापि देवाचा पाऊस सर्वांच्या शेतांवर पडतो, तशी ही शरीराची घडणही सर्वांची एकच आहे. लांब ओळीचें भजन सावकाश म्हटलें कीं श्वास आपोआप लांब सुटतो. आपल्या आज्या पहांटे जात्यावर ओवी म्हणत. त्यांना कोणी व्हेगस शिकविली नव्हती. गिरणी आली तेव्हां हातांचे श्रम गेले ह्याचा आनंदच आहे, परंतु त्यांबरोबर ओवीही गेली, आणि तिच्या जागीं आपण कांहीं ठेविलें नाहीं. कुटुंबप्रार्थनेंतलें गीत घाईनें उरकूं नये, एवढें तरी होईल. घरांतील बाईची चिंता बहुधा कोणी विचारीत नाहीं. गीत तिलाच सुरू करूं द्यावें.

झोंपेविषयीं थोडें. दुपार कलल्यावर चहा नको. निजतांना मोबाईल दुसऱ्या खोलींत, एकच खोली असेल तर फडताळांत. तंबाखूनें शांत वाटतें, पण ती हृदयाला पळवितेच. दारूनें डोळा लागतो हें खरें. उत्तररात्रीं तीच उठवून बसविते. उजाडतांच बांधापर्यंत चालून यावें, काम असो वा नसो. एलीयानेंही होरेबाची वाट पायींच चालली.

आतां उपदेशक बंधूंस एक विनंति. कोणी म्हणाला, “दादा, मला झोंप येत नाहीं, जीव नकोसा झाला,” तर विश्वासाचें प्रवचन लगेच काढूं नका. आधीं विचारा, जेवलास का? घरांत भाकर नसेल तर ती आणा. मग त्याच्याजवळ बसा. बोललाच पाहिजे असें नाहीं. आपला श्वास सावकाश चालला तर शेजाऱ्याचाही हळूहळू तसा होतो, हें तुम्हांस अनुभवानें कळेल. जीव देण्याचा विचार आहे का, हें सरळ विचारावयास भिऊं नका. विचारल्यानें तो विचार मनांत घातला जात नाहीं, उलट ओझें उतरतें. असल्यास त्याला त्या रात्रीं एकटें सोडूं नका आणि सरकारी टेलि-मानस सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर फोन लावून द्या. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य आहे. मराठींत बोलतां येतें. त्याला डॉक्टरकडे न्या. औषध घेणें हा विश्वासाचा अभाव नव्हे. भाकर खाणें तसा नाहीं.

होरेबावर देवानें एलीयाला प्रश्न केला, आणि शांत मंद वाणीनंतर तोच प्रश्न पुन्हां केला. दोन्ही वेळां त्याचें उत्तर शब्दशः एकच होतें : मी एकटाच उरलों आहें. त्याचें दुःख मिटलेलें नव्हतें, राणीही जिवंत होती. देवानें त्या उत्तरावर वाद घातला नाहीं. त्यानें त्याला काम दिलें, सात हजार आणखी आहेत हें सांगितलें, आणि एक सोबती दाखविला. चाकराला मागें ठेवून आलेला तो पुरुष डोंगर उतरला व चालत एका शेतावर गेला. तेथें बारा जोड्या बैल लावून नांगरणी चालली होती, आणि बाराव्या जोडीमागें अलीशा होता.