पुन्हा लिहून आणा

मोबाइल दप्तरात टाका. वह्या मिटा. मान खाली घालून बसायचं नाही, वर बघा. आज मी जे बोलणार आहे ते तुमच्याच अक्षरात माझ्या टेबलावर पडलंय.

कमी पटाच्या शाळा बंद कराव्यात, असं मांडणाऱ्या लेखाचं कात्रण तुम्हाला दिलं होतं. लेख वाचा आणि संपादकांना पत्र लिहा, इतकंच काम होतं. अकरावी-बारावीचे आहात. उद्या मतदान कराल, ग्रामसभेत बसाल, कोणी डी.एड. करून गुरुजीही व्हाल. आणि पत्रं आणली ती ही? निम्म्यांची सुरुवात वाघिणीच्या दुधाने! बाबासाहेबांचं नाव घेऊन ते वाक्य ठोकलं की तुमचं काम संपलं. कोणत्या भाषणातलं, कोणत्या ग्रंथातलं, हे लिहायची गरज एकालाही वाटली नाही. तिघांच्या वह्यांत तर अख्खा परिच्छेद काना-मात्रेसकट सारखा. मोबाइलने सांगितला, यांनी उतरवला, वर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र स्वतःच्या घातल्या. तेवढीच काय ती मेहनत.

उरलेल्यांनी लेखकाला धरलं. तो एसीत बसतो, तो विकला गेलाय, त्याला खेडं ठाऊक नाही. एका शहाण्याने आडनावावरून जात काढली आणि जातीवरून मत काढलं. लाज वाटली पाहिजे. ज्या पोराची स्वतःची शाळा सरकारी खर्चावर झाली, त्याने माणसाला आडनावाने मोजावं? लेखक कोण आहे हे मी विचारलंच नव्हतं. तो काय म्हणतो, हे विचारलं होतं.

काय म्हणतो तो? सांगा की. आता काहून गप्प?

मीच सांगतो. त्याचं म्हणणं असं की दहा-बारा पोरांच्या शाळेत एकच गुरुजी पहिली ते चौथी सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब लिहितो, ऑनलाइन माहिती भरतो, आणि शिकवायचं राहून जातं. कबड्डीचे दोन संघ होतील एवढी पोरंही शाळेत नसतात. तेव्हा आसपासच्या शाळा एकत्र करा, पोरांना बसने आणा, विषयवार शिक्षक द्या. यातलं अर्धं खरं आहे. मी तीच शाळा, तोच एकटा गुरुजी पाहिलेला आहे. खरं असेल ते आधी कबूल करायचं असतं. तुमच्या एकाही पत्रात ती कबुली नाही, म्हणून लेखातली चूकही तुम्हाला सापडली नाही.

चूक होती, आणि चांगली ढळढळीत होती. २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तांनी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले. पुण्याचं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ ही त्यातली नमुन्याची उदाहरणं. त्या वेळी पेपरात आलेला आकडा होता, २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा. मुलं १,८५,४६७. शिक्षक २९,७०७. आता भागाकार करा. बारावी विज्ञानवाल्यांनो, तुम्हीसुद्धा. शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. दोन! लेखक म्हणतो तो एकटा गुरुजी या आकड्यांत सरासरीने तरी सापडत नाही. मग तो आला कुठून? १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा, शासन निर्णय काढा. वीसपर्यंत पट असेल तर नियमित शिक्षक एक, आणि गरज पडली तर दुसरा निवृत्तांमधून. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेले आहेत. म्हणजे दुसरा गुरुजी आधी कागदावरून काढायचा, आणि मग शाळेत एकच गुरुजी आहे म्हणून शाळा काढायची. हे एक वाक्य तुमच्यापैकी कोणी लिहिलं असतं तर मी ते पत्र स्वतः टपालात टाकलं असतं.

हिशेब आणि ऑनलाइन माहितीचंही तेच. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपायचं नाही. तुमच्या गावचा गुरुजी वर्षभर काय काय भरत बसतो, ते त्याला विचारायला तुम्हाला कोणी अडवलं होतं? चार पावलांवर त्याची शाळा आहे. पण तुम्ही उत्तर शोधलं मोबाइलमध्ये.

आणि दुसरी गोष्ट, जी मुंबईत बसून लिहिणाऱ्याला कळणं कठीण आहे आणि तुम्हाला न कळणं हा गुन्हा आहे. कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं ठरवलंय. नकाशावर किलोमीटर सरळ रेषेत चालतो. करडीकडून येणाऱ्यांनो, तुमच्या आणि मोहाडीच्या मध्ये वैनगंगा आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस ती कुठवर आली होती ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्या आठवड्यात कोणती बस कोणत्या समूह शाळेत गेली असती? पूर सोडा, साधा जुलै घ्या. रोवणी सुरू झाली की आई पहाटे भाकरी थापून बांधीत उतरते ती दिवेलागणीला परतते. सहा वर्षांचं पोर बसच्या वेळेला सडकेवर नेऊन उभं कोण करणार? आज शाळा गावात आहे म्हणून तिसरीतली बहीण पहिलीतल्या भावाला हाताला धरून नेते. बस चुकली तर ते पोर बांधीच्या धुऱ्यावर बसणार, आणि पुढच्या वर्षी बहीणही धाकट्याला सांभाळायला घरी बसणार. तुमच्यातल्या निम्म्या पोरींच्या घरी हे घडलेलं आहे. त्यांच्याही पत्रात त्याची एक ओळ नाही. तिथे काय आहे? 'शिक्षण हा राष्ट्राचा कणा'.

आता जरा कडू. 'जिल्हा परिषद शाळा वाचवा' असं मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्यांनी हात वर करा. बरं. तुमच्यापैकी किती जणांचा धाकटा भाऊ सकाळी कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसतो? हात खाली जाताहेत, दिसतंय मला. पाठवू नका, असं मी म्हणत नाही. बापाला इंग्रजी हवं असतं, टाय हवा असतो, शेजाऱ्याचा पोरगा जातो हेही असतं. पण पट का घसरला, याचं निम्मं उत्तर तुमच्या घरात आहे. ते लिहायला छाती लागते. सरकारला शिव्या घालायला काहीच लागत नाही.

बाबासाहेबांचं नाव घेता ना? मग ते काय करत ते वाचा. मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर ते बोलले. त्यांनी मांडलं की शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीला पोचतात फक्त अठरा, बाकीचे पुन्हा निरक्षर होतात. सरकार दारूवरच्या करातून माणशी किती वसूल करतं आणि शिक्षणावर किती खर्च करतं, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. शिवी एक नाही. समोरचा मंत्री आकड्याला काय उत्तर देणार? त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतीरावांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. गुरुजीला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या, मोडी-बाळबोध शिकवा, हिशेब शिकवा, शेतीचं ज्ञान द्या, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. कोणाला, काय, किती. सगळं मोजून. तुमच्या पत्रांत मागणी काय आहे? 'सरकारने याकडे लक्ष द्यावे.' कोणत्या सरकारने? जिल्हा परिषदेने, राज्याने, केंद्राने? लक्ष देऊन करायचं काय?

लिहून काही होत नाही, असं मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं. ऐकलं मी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला गरीब मुलांच्या २५ टक्के जागांतून सूट. पालक आणि संघटना कायद्याचं कलम हातात घेऊन उच्च न्यायालयात गेल्या आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द झाला. पहिलीपासून हिंदीचं घ्या. १६ एप्रिल २०२५ चा निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही मागे. तिथे रस्त्यावरचा आवाज होता, राजकारणही होतं, हे मी नाकारत नाही. पण सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषांचं ओझं कसं पडतं, हे वर्गात शिकवणाऱ्यांनी लिहिलं होतं म्हणून आवाजाला बूड मिळालं.

तेव्हा ही पत्रं घेऊन जा. यांवर मी शेरा मारणार नाही, मारण्यासारखं त्यांत काही नाही. येत्या रविवारी आपापल्या गावच्या शाळेत नाही, तर गुरुजींच्या घरी जा. पट विचारा, मंजूर पदं किती आणि भरलेली किती ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. तुमच्या गावच्या समितीत कोण आहेत आणि मागची बैठक कधी झाली, ते त्यांनाच विचारा. तुमची आई समितीवर असेल आणि तिला ते माहीतच नसेल, असंही निघेल. कोणी माहिती दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मग लेख पुन्हा वाचा, दोनदा. लेखकाचा सगळ्यात भक्कम मुद्दा पहिल्या ओळीत त्याच्याच शब्दांत लिहा. त्याखाली तुमच्या गावचा आकडा, त्याखाली कायद्याचं कलम, त्याखाली एकच मागणी, ज्याच्याकडे करायची त्याच्या हुद्द्यासह. दोनशे शब्दांच्या वर गेलात तर संपादक कापेल आणि त्याच्याआधी मी कापीन. खाली नाव आणि गाव. टोपणनाव चालणार नाही.

सोमवारी पहिल्या तासाला पत्रं टेबलावर पाहिजेत. ज्याला गावच्या शाळेचा पट सांगता येणार नाही, त्याने वर्गात शिरायच्या आधी दारात थांबून मला तसं सांगायचं.