कान टोचण्याचा अधिकार

कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक. त्याची सफलता मंत्र-मुहूर्तावर अवलंबून, की टोचणाऱ्याच्या हातावर? ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण हाताचा कौल देते. सुश्रुतसंहिता मुहूर्त मानते, पण भर कौशल्यावर देते. सूत्रस्थानाच्या १६व्या अध्यायानुसार सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बाळाला दाईच्या मांडीवर बसवावे. वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढून, उन्हात जिथे उजेड आरपार दिसतो तिथेच उजव्या हाताने सरळ वेध घ्यावा. जागा चुकली तर रक्त फार वाहते, वेदना होतात.

हा हात तयार कसा होतो, ते ९व्या अध्यायात आहे: वेधाचा सराव आधी मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा. १०व्या अध्यायात आणखी अटी येतात: शास्त्राचे अध्ययन, कर्माचा अनुभव, कापलेली नखे, पांढरी वस्त्रे आणि राजाची अनुज्ञा.

आजचा परवाना म्हणजे या अनुज्ञेचेच नवे रूप. कान टोचणारा असो वा टॅटू काढणारा, दुसऱ्याच्या त्वचेत सुई घालण्याचा अधिकार केवळ घराण्याने किंवा श्रद्धेने मिळत नाही. तो विद्या, सराव आणि समाजाची अनुमती या तिन्हींनी मिळतो.