साठ मीटरांवरचा माणूस

इंदूरहून उज्जैनकडे जाणारा जो रस्ता सांवेरच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या आश्रयाने वाढलेल्या औद्योगिक वसाहतीत दिवसा औषधांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे आणि नमकीनचे कारखाने इतक्या माणसांनी गजबजलेले असतात की कोणाचे कोणाकडे लक्ष जाऊ नये. रात्रपाळीत मात्र त्याच आवारांतून मोजकी माणसे उरतात, आणि माणसे मोजकी झाली म्हणजे आकडे बोलू लागतात. माझा भाचा तेथील एका औषधांच्या कारखान्यात पाळीप्रमुख आहे. आपल्याला ओढ पुरुषांचीच वाटते हे त्याने मला पूर्वीच सांगितले होते. मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेला मनुष्य. ऐकून घेणे मला नोकरीने शिकविले, आणि ऐकलेल्याची नोंद न करणे निवृत्तीने.

“मामा,” तो म्हणाला, “मला एक गोष्ट कळली आहे आणि ती कळावयास नको होती. रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीत मी ग्राइंडर, म्हणजे पुरुषांनी पुरुषांना शोधण्याचे ॲप, उघडले. पहिल्याच चौकटीत एक चेहरा नसलेले प्रोफाइल; वय, उंची आणि अंतर साठ मीटर. त्या घटकेला तेवढ्या टप्प्यात पाचसहा माणसे होती आणि त्या वयाचा, त्या उंचीचा त्यांत एकच. ठेकेदाराकडून आलेला, पॅकिंगवर काम करणारा मुलगा. त्याची हजेरी माझ्या सहीने पुढे जाते.”

“यंत्राची चूक असेल. भिंतीपलीकडे दुसरा कारखाना आहे.”

“असेलही. पण माझ्या मनाने निकाल देऊन टाकला आहे, आणि तो मागे घेता येत नाही.”

हे यंत्र चालते कसे, असे मी विचारले, तेव्हा त्याने सांगितले ते असे. २००९ साली, म्हणजे ज्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या ३७७ कलमाचा फास प्रथम सैल केला त्याच वर्षी, हे ॲप निघाले. फोनला स्वतःचा ठावठिकाणा कळत असल्यामुळे जवळची माणसे आधी व दूरची नंतर अशा क्रमाने ते दाखविते. तीन वेगवेगळ्या जागांवरून एकाच माणसाचे अंतर पाहिले की तीन वर्तुळे जेथे एकमेकांस छेदतात तेथे तो सापडतो. २०१४ मध्ये इजिप्तमधील पोलीस याच मार्गाने माणसे पकडतात अशी ओरड झाली, तेव्हा त्या व तशा इतर देशांत कंपनीने अंतर दाखविणे बंद केले. परंतु आकडा झाकला तरी क्रम राहतोच, आणि नुसत्या क्रमावरूनही, आजूबाजूस खोटी खाती उभी करून, माणूस कोठे आहे ते काढता येते, हे क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले.

मला त्या तीन वर्तुळांचे नवल वाटले नाही. इंदूरच्या आमच्या रामबागेत नवा मराठी माणूस आला की आडनाव, मूळ गाव आणि आजोळ एवढे तीन प्रश्न पुरतात. चौथा प्रश्न विचारण्यापूर्वीच विचारणाऱ्याला त्याची आत्या आठवलेली असते. मुंबईत साठ मीटरांत एक अख्खी चाळ मावते आणि त्या चाळीत माणूस लपतो. सांवेर रोडवर रात्री दोन वाजता साठ मीटर म्हणजे जवळजवळ नावच.

“पण त्याने अंतर झाकलेले नव्हते,” भाचा म्हणाला. “जवळपास कोणी असेल तर त्याला आपण दिसावे, अशी त्याची इच्छा असली पाहिजे. माझीही तीच असते. या वसाहतीत बारा तास काढणाऱ्या माणसाला आपल्यासारखा कोणी आहे एवढे कळले तरी पाळी सुसह्य होते.”

“तू म्हणतोस ते इच्छेविषयी खरे असेल; संमतीविषयी नाही. अंतर दाखवू नये असे सांगण्यासाठी सेटिंगमध्ये शिरून खटाटोप करावा लागतो, आणि न सांगितल्यास ते दाखविले जाते, असे तूच म्हणालास. फौजदारी खटल्यात आम्ही मौनाला कबुली मानीत नसू. शिवाय, कोणाला तरी दिसावे याचा अर्थ आपल्या हजेरीवर सही करणाऱ्याला दिसावे, असा होत नाही. आणि तुझे अंतर?”

तो जरा थांबला. “झाकलेले आहे. फोटोही नाही.”

“म्हणजे त्याने दिवा लावायचा आणि तू अंधारात उभे राहून पाहायचे.”

ही बोचणी त्याला लागली, आणि ती माझ्याकडून थोडी अन्यायाचीच होती, हे त्याच्या पुढील बोलण्यावरून माझ्या ध्यानात आले. “मामा, झाकतो ते भयाने. शहरोशहरी फेक प्रोफाइल करून माणसाला बोलावतात, चारपाचजण घेरतात, पैसे काढून घेतात, घरी सांगू म्हणतात. फिर्याद द्यावयाची तर पोलीस ठाण्यात आधी स्वतःविषयीची जबानी द्यावी लागते. आम्ही गुन्हेगार नाही, असे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण ठाणे अंमलदाराने ते ऐकले आहे की नाही, हे ठाण्यात शिरल्यावरच कळते.”

कायद्यातील एक पोकळी मीही त्याला सांगितली, कारण सवय जात नाही: १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ ला प्रतिरूप असे कलमच ठेवलेले नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावर पुरुषाने बलात्कार केला तर मारहाणीची, धमकीची, खंडणीची कलमे लागतील, बलात्काराचे लागणार नाही. तेव्हा त्याचे झाकणे योग्य. प्रश्न एवढाच राहतो की सर्वांनीच असे झाकले तर कोणी कोणाला भेटणार नाही. जे भेटतात ते न झाकणाऱ्यांच्या धैर्यावर, आणि पुष्कळदा त्यांच्या अज्ञानावर, भेटतात.

मला अलीगढच्या रामचंद्र सिरसांची आठवण झाली. मराठीचे प्राध्यापक, कवी, हिंदी मुलखात मराठी शिकवीत राहिलेला मनुष्य. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरा घेऊन माणसे घुसली, विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनास स्थगिती दिली, आणि त्यानंतर आठवड्याभरातच ते घरात मृत आढळले. “कॅमेऱ्याने टिपले ते खोटे नव्हते,” मी म्हणालो, “तरी ते त्या लोकांचे नव्हते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरविले आणि लैंगिक कल त्याच्या गाभ्यात धरला, तेव्हा सिरसांना जाऊन सात वर्षे झाली होती. खरे ज्ञानही बेकायदा ताब्यातले असू शकते.”

“मी घुसलो नाही, मामा. मी डबा खात होतो.” मग तो म्हणाला, “आणि सिरसांच्या खोलीत दुसराही एक माणूस होता. सायकलरिक्षा चालविणारा. सिरसांवर चित्रपट निघाला, सिरसांसाठी आपण हळहळतो. त्या रिक्षावाल्याचे पुढे काय झाले असेल हे तुम्ही मला कधी बोलून दाखविले आहे काय? हा पॅकिंगवरचा मुलगा मला सिरसांच्या जागी दिसत नाही. त्या दुसऱ्याच्या जागी दिसतो.”

मी निरुत्तर झालो, आणि तो विषय त्याने माझ्याहून खोल नेला होता याचे मला समाधानही वाटले. आता वाद उरला तो कृतीचा. आपला चेहरा प्रोफाइलवर लावावा, अंतर उघडे करावे, म्हणजे दोघेही सारखे होऊ, असे त्याचे म्हणणे. मग त्या मुलाला वाटेल तर तो लिहील, न वाटेल तर ब्लॉक करील. मला हे पटेना. पाळीप्रमुखाचा चेहरा साठ मीटरांवर उगवलेला पाहून तो मुलगा सारखेपणाने आनंदून जाणार नाही. साहेबांनी आपल्याला पाहिले असेल काय, या धास्तीने तो ॲपच काढून टाकील, आणि कदाचित नोकरीही सोडील. ब्लॉक करण्याचे स्वातंत्र्य ज्याची हजेरी दुसऱ्याच्या सहीवर आहे त्याला कागदोपत्रीच असते.

“मग त्याच्या हजेरीचे काम दुसऱ्याकडे देतो. न्यायाधीशही ओळखीच्याचा खटला दुसरीकडे पाठवितात.”

“पाठवितात, पण बदलीचे कारण कोणीतरी विचारतेच. तू काय सांगणार? जे कारण सांगशील ते एकतर खोटे असेल, नाहीतर त्या मुलाचा घात करणारे.”

“म्हणजे काहीच करायचे नाही.”

“कारखान्याच्या फाटकाच्या आत ॲप उघडायचे नाही. त्याच्या कामाविषयी जे लिहिशील ते ही रात्र आली नसती तर जसे लिहिले असतेस तसे.”

“तुम्हाला हे सांगणे सोपे आहे,” तो शांतपणे म्हणाला. “तुमच्या या उपायाने कोणाचेच नुकसान होत नाही, फक्त तो तिकडे एकटा आणि मी इकडे एकटा, आणि मध्ये एक भिंत. याला तुम्ही खबरदारी म्हणाल. आम्हाला गेली दीडशे वर्षे हीच खबरदारी सांगण्यात आली.”

हा आरोप मी नाकारला नाही. मात्र आपल्या पदाचा भार आपणच वाहावा, तो त्या मुलाच्या शिरावर टाकू नये, यावरून मी हललो नाही, आणि तोही शेवटी फाटकाच्या अटीपुरता कबूल झाला. मग त्याने विचारले, “ठेका संपल्यावर तो दुसऱ्या कारखान्यात गेला तर? हे ठेके कायमचे नसतात.”

“तेव्हा तो तुझ्या हजेरीपटावर नसेल. लिही. आधी स्वतःचा चेहरा पाठव, नाव सांग, मग उत्तराची वाट पाहा.”

“आणि मी त्याला आधीच ओळखले होते, हे?”

“ते सांगू नकोस. घाबरेल.”

“न सांगता सुरू केलेल्या मैत्रीत मी पहिल्या दिवसापासून त्याच्याहून एक गोष्ट अधिक जाणत असेन. ती खोटी मैत्री नव्हे?”

न्यायालयात असा प्रसंग आला म्हणजे निकाल राखून ठेवण्याची सोय असे, आणि तिचा आधार घेऊन मी त्याला उत्तर दिले नाही. त्याची पाळी दहाची होती. तो हेल्मेट उचलून गेला. ठेका मार्चअखेर संपतो.