लेखकाचा लळा आणि वाचकाचे उत्तरदायित्व

एखादा लेखक वाचकाला ‘आपला’ वाटू लागतो तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने बहुधा वाचनाच्या मानसशास्त्राकडे सोपवलेला आहे. आवड खासगी आणि मूल्यनिर्णय सार्वजनिक, अशी एक सोयीची विभागणी त्यामागे असते. ही विभागणी टिकणारी नाही, असे मला वाटते. त्याचे कारण जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या कथेशी असलेल्या माझ्या दीर्घ आणि काहीशा अडचणीच्या नात्यात आहे.

लेखकाची पहिली भेट योगायोगाने होते. जी.एं.च्या बाबतीत हा योगायोग विशेष निर्णायक ठरतो. कारण ‘निळासावळा’ (१९५९) ते ‘पिंगळावेळ’ (१९७७) या काळात त्यांची कथा एका जागी थांबलेली नाही. ज्याला प्रथम ‘कैरी’ भेटते, त्याच्या लेखी जी.ए. हे घरातल्या मुक्या दुःखाचे कथाकार असतात. ज्याचा प्रवेश ‘रमलखुणा’मधील ‘प्रवासी’ किंवा ‘इस्किलार’ या दीर्घकथांतून होतो, त्याला ते नियतीचे रूपककार वाटतात. ‘सत्यकथे’च्या अंकांची वाट पाहत एकेक कथा वाचणाऱ्या पिढीचे जी.ए. आणखी निराळे. पुढचे सारे वाचन या पहिल्या भेटीच्या उजेडात होते. पूर्वग्रह हा आकलनातील अडथळा नसून त्याची पूर्वअट आहे, हे गादामरने १९६० मध्येच मांडले. परंतु संहितेला त्या पूर्वग्रहाशी वाद घालू दिला पाहिजे, ही त्याच विचाराची दुसरी बाजू आपण सहसा विसरतो.

मीही ती विसरलो होतो. माझा प्रवेश ‘प्रवासी’तून झाला आणि पुढे कित्येक वर्षे मी ‘कैरी’सुद्धा नियतीची कथा म्हणून शिकवीत राहिलो. एकदा वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात नियती कुठे आहे? मावशीला माणसेच छळताहेत ना?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. नियतीचे नाव घेतले की छळणारा सुटतो, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कारण माझ्या जी.एं.ची प्रतिमा मला त्या मुलाच्या नजरेपेक्षा अधिक प्रिय झाली होती. ज्या लेखकावर माझे प्रेम होते, त्याच्यावरच मी अन्याय करीत होतो. शिवाय कथेतल्या एका सोसणाऱ्या बाईची दादही मी लागू दिली नव्हती. आवड ही नैतिक बाब ठरते ती इथे.

यावर एक सरळ उपाय सुचवला जाईल: समीक्षकाने प्रेम बाजूला ठेवावे. परंतु प्रेमाशिवाय कोण एकच कथा दहा वेळा वाचतो? तटस्थ वाचकाची चूक बहुधा उघडकीसच येत नाही. तो परत येतच नाही. दोष लळ्याचा नाही, लळ्यातून उपजणाऱ्या स्वामित्वाचा आहे. जी.ए. आयुष्यभर सभासंमेलनांपासून दूर राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी त्यांत नवा माणूस शोधण्याऐवजी आपल्याच जी.एं.ना दुजोरा शोधला. मित्राने आपल्या कल्पनेप्रमाणेच वागावे, असा आग्रह धरणाऱ्याला आपण मित्र म्हणत नाही.

अभिनवगुप्ताच्या विवेचनात सहृदयाचा मनोमुकुर काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने स्वच्छ झालेला असतो. तन्मय होण्याची योग्यता त्यानंतर येते. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या भेटीतली ओढ म्हणजे सहृदयता नव्हे. ती फार तर तिची उमेदवारी होय. वाचक सहृदय होतो तो पुनर्वाचनाने, आणि विशेषतः आपल्या आवडत्या प्रतिमेला न जुमानणाऱ्या कथांच्या पुनर्वाचनाने.

म्हणून आवडत्या लेखकाचे ऋण स्तुतीने फिटत नाही. त्याच्या ज्या पानाने आपली अडचण होते, ते पान पुन्हा उघडावे लागते. ‘कैरी’ मी आजही शिकवतो. मात्र आता सुरुवात त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून करतो.